वसतिगृहाच्या दारी मुराळी

हल्ली मला भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला असतो, संस्थेत वाढलेल्या मुलांचं उच्च शिक्षण. बोलावणारी माणसं चांगली असतात. शाल देतात, नारळ देतात आणि माझी ओळख करून देताना आवाज इतका खाली आणतात की समोरच्यांना वाटावं, बाई गेल्याच. मग कुणीतरी उभं राहून विचारतं, "मॅडम, अशा मुलांना नेमकी कशाची गरज असते?" फी, पुस्तकं, मार्गदर्शन अशी उत्तरं त्यांनी मनात आधीच धरलेली असतात. मी म्हणते, "मुराळी." टाळ्या वाजत नाहीत. तरुण पोरांना तर हा शब्दच ठाऊक नसतो.

मुराळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी आणायला जाणारा माणूस. भाऊ, बाप, मामा, घरातलं कुणीही. सण जवळ आला की सासरी नांदणारी पोर वाटेकडे डोळे लावून बसते, आणि मुराळी दारात आल्याशिवाय तिचं पाऊल बाहेर पडत नाही. माझं तर लग्नच झालं नव्हतं, सासर कुठलं! तरी माझा मुराळी आला. ही गोष्ट मी भाषणात सांगत नाही, कारण हातात माईक धरून रडणं मला आवडत नाही. इथे सांगते.

मी वाढले पेणला, मुलींच्या बालगृहात. तिथे कशी आले, कुणी सोडलं, ते विचारू नका. मलाही ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही आता राहिली नाही. आम्ही त्याला संस्था म्हणायचो. कौलारू बैठी इमारत, मागच्या भिंतीला लागून गणपतीचा कारखाना. उन्हाळाभर आमच्या वाळत घातलेल्या परकरांवर पांढरी भुकटी बसायची आणि आम्ही शाळेत जायचो तेव्हा पोरं म्हणायची, "आल्या संस्थेच्या मूर्ती." मी एकदा त्यातल्या एकाच्या पाठीत दप्तर घातलं होतं. त्याचा मला आजही आनंद आहे.

आमच्या रांगेच्या पुढे सायकल हातात धरून काळूमामा चालायचा. काळुराम त्याचं नाव. संस्थेचा शिपाई तोच, माळी तोच, रखवालदार तोच आणि नळ गळला तर नळवालाही तोच. गडबच्या फाट्यावरून खाडीकडे गेलं की त्याचं गाव. तिथली माणसं पावसाळ्यात भात लावायची, उन्हाळ्यात मिठागरावर राबायची. मामा मात्र खाकी अर्धी चड्डी घालून रोज पेणला यायचा. शिपायाला मामा म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. त्यात नातं कमी आणि सोय जास्त. आम्हीही सोयीनेच म्हणायचो.

संस्थेतून मोठ्या मुली दोनच वाटांनी बाहेर पडत. एक लग्न करून, नाहीतर कुणाच्या तरी घरी राहून काम करायला. अठरा वर्षं पूर्ण झाली की सरकारच्या नियमाने मुलगी तिथे एक रात्रही राहू शकत नसे. मी बारावीला तालुक्यात बऱ्यापैकी वर आले, तेव्हा आमच्या अधीक्षिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, हट्टाला पेटल्या. "ही पोरगी धुणीभांडी करणार नाही. ही शिकणार," असं त्यांनी सगळ्या विश्वस्तांना ठणकावलं. रोह्याला एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह होतं. तिथे माझी राहण्याजेवणाची सोय झाली, कॉलेजात नाव घातलं. एकोणीसशे सत्त्याऐंशीचा जून होता. माझी पत्र्याची ट्रंक घेऊन मामाच मला एसटीने पोचवायला आला होता. फाटकात ट्रंक ठेवली आणि म्हणाला, "नीट ऱ्हा. कोणाशी भांडू नको." पहिली गोष्ट मी पाळली.

पहिले चार महिने मला खरंच बरे गेले. वर्गात मला कुणी संस्थेची म्हणत नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. रेक्टर इंदुबाईंना तेवढं ठाऊक होतं आणि त्या असल्या बाबतीत तोंड उघडणाऱ्या नव्हत्या. मूळच्या त्या पुण्याकडच्या. कडक इस्त्रीची साडी नेसायच्या, आणि बोलणंही तसंच होतं. खोलीत माझ्याबरोबर बायजा होती, कोलाडच्या आतल्या गावातली, वालाची शेती करणाऱ्या घरातली. तिच्या घरून डबा यायचा. बिरड्याची उसळ असली की आधी मला वाढून मग ती स्वतः घ्यायची. अशी मैत्रीण पुन्हा मिळाली नाही मला.

घोडं अडलं ते दिवाळीच्या सुट्टीपाशी. वसुबारसेपासून वसतिगृह बंद. स्वयंपाकघराला कुलूप, स्वयंपाकी केरू त्याच्या गावी, इंदुबाई पुण्याला. आणि नियम असा की सुट्टीला मुलीला घेऊन जायला घरचं माणूस आलं पाहिजे. आलं नाही तर सोडत नसत. खोलीत रोज तोच विषय. कुणाचा बाप येणार, कुणाचा भाऊ, कुणाकडे चकल्या झाल्या. बायजानं विचारलं, "तुला कोण येणार गो न्यायला?" मी ताडकन म्हणाले, "मामा." सहज तोंडातून गेलं. मग त्या मामाला मी मुंबईत नोकरी दिली, दोन मुलं दिली, चाळीत गॅलरीची खोलीसुद्धा दिली. खोटं बोलायला बसले की मी कंजुषी करत नाही.

एका रविवारी दिवसापुरती परवानगी काढून मी पेणला गेले आणि मोठ्या बाईंना विचारलं, "दिवाळीत मी कुठे जाऊ?" संस्थेत ठेवता येत नव्हतं. त्यांचं स्वतःचं बिऱ्हाडही संस्थेच्या आवारातच, तिथेही नियम आडवा. त्या म्हणाल्या, "पनवेलला एक घर आहे. लहान बाळ सांभाळायला राहून मुलगी हवी आहे त्यांना. सुट्टीपुरती जा तिथे. गेल्या वर्षी नाही का आपली सगुणा दुसऱ्या एका घरी गेली?"

सगुणा! सगुणा अशीच पंधरा दिवसांपुरती गेली होती. तिला शिवणकामाच्या वर्गाला जायचं होतं. वर्ग सुरू झाला, संपला, आणि सगुणा अजून त्याच घरातले टोप घासत होती. ते लोक वाईट नव्हते. पण रात्री निजायला जागा देणाऱ्याला "आता निघते" म्हणायला पाय मागे कुठेतरी टेकावा लागतो. तशी जागा आम्हाला नव्हती. पनवेलला गेले की माझं कॉलेज संपलं, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं आणि मोठ्या बाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मामा बाहेर, खिडकीखालच्या अबोलीला पाणी घालत होता. मी फाटकाशी आले तेव्हा त्यानं विचारलं, "रोह्याचं बंद कवा होतंय?"

"वसुबारसेला."

"हं," म्हणाला आणि पुन्हा पाणी घालायला लागला. मला त्याचा राग आला. एवढं ऐकूनही या माणसाला अबोलीची पडलीय.

वसुबारस उजाडली. सकाळपासून व्हरांड्यात पाहुण्यांची रीघ लागली. नाव पुकारलं की मुलगी पिशवी घेऊन धावायची. मी ट्रंक आवरून पलंगावर बसले होते. बेत ठरला होता. सगळ्या गेल्या की इंदुबाईंना सांगायचं, न्यायला कुणी येणार नाही, मोठ्या बाईंनी पनवेलला जायला सांगितलंय, मी एकटी जाते. वह्या ट्रंकेत अगदी तळाशी घातल्या होत्या. मराठीचं पाठ्यपुस्तक मात्र घातलं नव्हतं. ते बायजाला देऊन टाकायचं, असं ठरवलं होतं. पनवेलला त्याचं काय करायचं?

"शांती, तुझा मामा आला!" बायजा ओरडत आली. "अगो, पण तू तर मुंबईचा सांगितलेलास!"

मी धावत गेले. व्हरांड्यात एक माणूस उभा होता. पांढरंशुभ्र धोतर, नवा सदरा आणि डोक्याला भडक गुलाबी फेटा. मी ओळखलंच नाही. काळूमामाला खाकी चड्डीशिवाय मी कधी पाहिलंच नव्हतं. मुलाच्या लग्नातला फेटा बांधून आला होता तो. काखेत नारळ, एका हातात पोह्यांची पुरचुंडी आणि दुसऱ्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं लांबोडकं काहीतरी.

इंदुबाई टेबलामागे बसल्या होत्या. मामा पुढे झाला, नारळ आणि पोहे टेबलावर ठेवले आणि हात जोडून म्हणाला, "राम राम, विहीणबाई."

इंदुबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"आपण कोण?"

"मी पेणहून आलोय. आमचे पोरीला न्यायला. शांतीला."

"तिचे कोण तुम्ही?"

"मामा."

"सख्खे?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांना माझी परिस्थिती ठाऊक होती आणि मुलगी भलत्याच्या हाती देणाऱ्या त्या नव्हत्या. आज मला त्यांचं ते विचारणं पटतं. त्या दिवशी मात्र भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बायजा माझ्या शेजारीच उभी होती.

मामा गोंधळला नाही. "बाई, मामामदी सख्खा नि चुलत काय असतो? न्यायला येतो तो मामा. सख्खा असून नाय आला, तर त्याला काय चुलीत घालायचा?"

कुणाचा तरी म्हातारा बाप मागून म्हणाला, "खरं हाय." इंदुबाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो गप्प झाला. मग मामानं पेणच्या मोठ्या बाईंचं नाव घेतलं, त्यांनीच पाठवलं असल्याचं सांगितलं, आणि इंदुबाईंचा चेहरा सैल झाला. आता सुटलो असं मला वाटलं. पण मामाचं अजून झालं नव्हतं. त्यानं ते केळीचं पान टेबलावर ठेवून सोडलं. आतून हातभर जिताडा मासा निघाला.

आमच्या खारेपाटात, खाडीकाठच्या त्या खाऱ्या पट्ट्यात, जिताड्याचा मान मोठा. ज्याला द्यायचा त्याची किंमत राखायची असेल तर जिताडा द्यायचा. मुराळी काही रित्या हाताने जात नाही, आणि विहिणीपुढे ठेवायला मामाला याहून भारी वस्तू ठाऊक नव्हती. बिचाऱ्याने पहाटे तळ्यात उतरून स्वतः धरला होता. आता वसुबारसेचा दिवस, इंदुबाईंचा उपवास, आणि एरवीही त्या अंड्याचं नाव काढलं तरी तोंडाला पदर लावणाऱ्या.

"हे... हे काय आहे?"

"जिताडा हाय. ताजा. सकाळचाच."

"माझा आज उपवास आहे."

"मंग उद्या खा," मामा समजुतीने म्हणाला.

बायजा खांबामागे जाऊन तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मी रडकुंडीला आले होते. इंदुबाईंनी जागा न सोडता खुर्ची तेवढी मागे सरकवली आणि केरूला हाक मारली. केरूने त्या जिताड्याकडे असं पाहिलं, जणू वसुबारस त्याच्यासाठीच उजाडली होती.

त्याचवेळी इंदुबाईंनी माणुसकीने विचारलं, "दमून आलात. पाणी घ्या."

मामाने दोन्ही हात छातीशी धरले. "नको बाई. लेकीचे घरचं पाणी आम्ही पीत नाय."

ही जुन्या माणसांची रीत. लेक दिली त्या घरचं पाणीही बापाने घ्यायचं नाही. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, गडबपासून उभ्याने आलेला माणूस, ओठ कोरडे पडलेले, आणि समोरचा पेला त्याने बाजूला सारला. मग पुन्हा हात जोडून म्हणाला, "पोर आमची तोंडानं फटकळ हाय. पण अभ्यासाला वाघ हाय. काय चुकलं माकलं असंल तर पदरात घ्या."

इंदुबाई हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिची काही तक्रार नाही. सुट्टी संपली की पाठवा मात्र."

"पाठवणार म्हंजे! लेकीची जात, पाठवल्याबिगर कसं चालंल?"

एसटीत बसल्यावर मी तोंड सोडलं. "मामा, ते होस्टेल आहे, सासर नाही! विहीणबाई काय, जिताडा काय! सगळ्या मुली हसत होत्या."

"हसू दे. सणाचा दिस हाय," मामा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "जिथं पोर नांदते तिथल्या बाईला विहीण नाय तर काय म्हणायचं? तुझी मामी जूनपासनं इचारते, शांतीला कुठं दिली? मी सांगितलं, रोह्याला दिली."

"आपण कुठे चाललोय आता?"

"घरी."

"संस्थेत ठेवणार नाहीत मला."

"घरी म्हणलं ना."

नागोठणं गेलं, गडब आलं. फाट्यावर उतरून आम्ही बांधावरून चालत गेलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पिकलेला भात. मामाने ट्रंक डोक्यावर घेताना फेटा काढून माझ्या हातात दिला होता. तो मी घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून चालले होते. मघाचा राग कुठे गेला ते कळलं नाही.

दारात धोंडुमामी उभी होती. मी उंबऱ्याकडे पाऊल टाकलं तशी म्हणाली, "थांब गो थांब." तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळला आणि लांब फेकून दिला. डोळ्यांना पाण्याचं बोट लावलं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. तोवर माझ्यावरून कुणी काही ओवाळून टाकलं नव्हतं. मी तिथेच उंबऱ्यात बसून मोठ्याने रडले. मामी म्हणाली, "रडू दे तिला. सासरहून आलेली पोर रडतेच." आणि आत चहा ठेवायला गेली.

ती सुट्टी मला दिवसागणिक आठवते. पहाटे मामीने तेल चोळून न्हाऊ घातलं. तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायला लावलं. कारीट फुटेना, तशी मामाची सून हसून म्हणाली, "कॉलेजात हे नाय शिकवत काय?" नव्या भाताचे पोहे खाल्ले. गुळाचे, ताकाचे, तिखटाचे. मामाला मी "तुम्ही" म्हणायचे. मामीने दटावलं, "तुम्ही काय म्हणतंस? तो काय पाव्हणा हाय?" तेव्हापासून तो "तू" झाला. भाऊबीजेला मामाच्या दोन्ही मुलांना मी ओवाळलं. नंतर कापणीला गेले. माझ्या हाताला फोड आले आणि मामीने त्यावर हळद लावली. संध्याकाळी दमून ओटीवर पडायचं, आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा, आणि कुणीतरी हाक मारायचं, "शांती, जेवाया चल गो." एवढंच. पण मला त्या घरातून हलावंसं वाटेना.

सुट्टी संपत आली तसं मी मनाशी ठरवून टाकलं. मामी सुपात तांदूळ पाखडत होती. मी म्हणाले, "मामी, मी परत जात नाही. मी इथेच राहते. शेतात येईन, मिठागरावर जाईन, पाणी भरीन. कुणाला जड होणार नाही."

मला वाटलं होतं, ती आनंदाने हो म्हणेल. तिला मुलगी नव्हती आणि माझ्यावर तिचा जीव बसलाय, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तिने सूप खाली ठेवलं.

"नाय," म्हणाली.

"का?"

"माहेरवाशिणीला माहेरी बसून चालत नाय."

माझं डोकं फिरलं. "मी माहेरवाशीण नाहीये! माझं लग्न झालेलं नाहीये! तुम्ही सगळे हा काय खेळ मांडलाय? तिथे पुस्तकं आहेत, खाट आहे, बस. इथे माणसं आहेत. मला नाही जायचं."

मामी चिडली नाही. तिने मला जवळ बसवलं. "ऐक गो. तू इथं ऱ्हायलीस तर आम्ही तुला दोन घास देव. नाय म्हणणार नाय. पण मंग मामा तुला आणायला कुठून येल? तू तिथं गेलीस तर तो फेटा बांधून येल. तू गेलीच नायस तर फेटा खुंटीलाच ऱ्हायचा. जाते तिलाच आणतात, बाय. बसून ऱ्हाते तिला कोण आणतंय?"

मी ओढणीने डोळे पुसले. तीही रडत होती आणि पाखडायचं निमित्त करून तोंड फिरवत होती.

निघायच्या दिवशी तिने माझी ओटी भरली. कुमारिकेची ओटी भरत नाहीत, हे शेजारणीने सांगून पाहिलं. मामी म्हणाली, "नांदायला चाललीय ती," आणि माझ्या ओढणीत तांदूळ, नारळ, हळकुंड घातलं. हातावर दही दिलं. मी ओढणीची गाठ सोडली ती थेट वसतिगृहाच्या खोलीत. बायजाने ते पाहिलं. फक्त म्हणाली, "पुस्तक परत घे तुझं." तिच्या उशाखालून तिने मराठीचं पाठ्यपुस्तक काढून दिलं. धांदलीत मी तिला ते देऊन गेले होते.

मग दर सुट्टीला मामा आला. दिवाळीला आला, मे महिन्यात आला. फेटा तोच. उन्हाळ्यात मी मिठागरावर जाऊन मीठ गोळा करायची फळी ओढून पाहिली. हातपाय चरचरले तेव्हा अभ्यास किती सोपा, ते कळलं. दुसऱ्या दिवाळीला इंदुबाईंनी टेबलावरचे कागद आधीच उचलून ठेवले होते आणि केरू ताटली घेऊन उभा होता. तिसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "यंदाचा लहान दिसतोय, काळुराम." आणि मामा खजील होऊन म्हणाला, "व्हय विहीणबाई, पाऊस कमी झाला." पाण्याचा पेला त्या दर वेळी पुढे करायच्या, तो दर वेळी हात जोडायचा. दोघांनाही ते ठाऊक होतं, तरी दोघेही चुकत नसत.

माझ्यामागून संस्थेतल्या आणखी मुली शिकायला बाहेर पडल्या. कुणी अलिबागला, कुणी महाडला. मोठ्या बाईंनी मग कुणालाही पनवेलच्या घराचं नाव सांगितलं नाही. मामाचं बघून गडब-वडखळ पट्ट्यातली आणखी दोनतीन घरं पुढे आली. अमकी पोर आमची, तिला आम्ही आणू. एका गुलाबी फेट्याने सुरू झालेली ती रीत पुढे कितीतरी वर्षं चालली. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि रोह्यातच एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले.

कुंडलिकेच्या काठी एका घराच्या माडीवर मी खोली घेतली. पहिल्या पगारात पितळेचा तांब्या आणि पेला घेतला. माझ्या स्वतःच्या मालकीची ती पहिली भांडी. चिंचेने घासून मी तो तांब्या एवढा चकचकीत ठेवायचे की खिडकीतली नदी त्यात दिसावी. आता मला बाहेर काढणारं कुणी नव्हतं. कुठला नियम नव्हता, की कुठलं कुलूप. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी ठरवलं, उद्या सावकाश एसटीने जाऊ. मामाचं आता वय झालं होतं. संस्थेतून तो निवृत्त झाला होता, गुडघे धरले होते. त्याला कशाला त्रास?

वसुबारसेच्या सकाळी जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी पायरी. मी दार उघडलं. मामा उभा होता. धाप लागलेली, गुलाबी फेट्याचा रंग उडून पांढुरका झालेला, काखेत नारळ.

"मामा, तू कशाला आलास? मी उद्या येणारच होते की. आता कुठे होस्टेल बंद होतंय?"

त्याने खांबाला धरून श्वास घेतला आणि माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"होस्टेल बंद होतंय म्हणून येत होतो काय मी?"

मी त्याला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. त्याने खोलीभर नजर फिरवली. खाट, पुस्तकांचं कपाट, खिडकीतली नदी. "बरं हाय घर," म्हणाला. मी तांब्यातून पेला भरला. माझ्या घरातलं पाणी, माझ्या कमाईचा पेला, आणि समोर तहानेने व्याकूळ झालेला म्हातारा माणूस. केवढ्या हौसेने मी तो पेला त्याच्यापुढे धरला.

मामाने दोन्ही हात छातीशी धरले.

"नको बाय. लेकीचे घरचं पाणी आम्ही पीत नाय."

मी पेला घेऊन तशीच उभी राहिले. मग ते पाणी मीच प्यायले, तांब्या पालथा घातला आणि पिशवी भरायला घेतली.